सुमोचा बॅटरी लाईट पेटतच नाही, आणि बॅटरी मात्र रोज उतरायलीय

सेलूचा सुमोवाला (सोमवार, रात्री 10:20)

राम राम मंडळी. लांबलचक लिहायलोय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात, म्हणून सगळंच सांगतो.

गाडी सुमो व्हिक्टा, 2006 ची, 1948 सीसी डिझेल, टर्बो नाही. साडूकडून घेतली, चौथं वर्ष चालू आहे. आमचं गाव सेलूपासून अकरा किलोमीटर. गाडीची कामं ठरलेली: आठवडी बाजार, खताच्या गोण्या, लग्नाचे पाहुणे आणणं-सोडणं, आणि रात्री गावात कुणाला कळा सुटल्या, कुणाच्या छातीत दुखायलं की परभणीचा सरकारी दवाखाना. या शेवटच्या कामासाठी ती रात्री दोनलाही पहिल्या सेल्फला चालू झाली पाहिजे. तेच आता होईना.

संक्रांतीच्या सुमारास सकाळी सेल्फ नुसता 'टक्' करायला लागला. बॅटरी चार वर्षांची होती, म्हटलं हिचं वय झालं. नवी टाकली. महिना-सव्वा महिना बरं गेलं आणि परत तेच. बॅटरीवाल्यानं दोन दिवस ठेवून घेतली, चार्ज करून तपासली, म्हणाला बॅटरी ठणठणीत आहे, गाडी बघा. गाडी एका इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, बघितलं, बॉनेट लावलं. "डायनामो गेला. साडेसात हजार." मीटर लावला नाही, वायर हलवून बघितली नाही, काही नाही.

आता माझी अडचण अशी की डायनामो गेला तर पॅनेलवरचा बॅटरीचा लाल लाईट पेटायला पाहिजे ना? माझा तर पेटतच नाही. चावी फिरवली तरी नाही, गाडी चालू असतानाही नाही. म्हणजे चार्जिंग ठीकच म्हणायचं. मग बॅटरी उतरते कामून?

आणखी एक चमत्कार. परभणीला जाऊन आलो की गाडी दोन दिवस शहाण्यासारखी वागते. गावात, शेतात, लई झालं तर सेलूपर्यंत अशी हिंडली की तिसऱ्या दिवशी धक्का. पारावरची पोरं आता मी चावी घेऊन निघालो की घरात पळतात.

शेवटी तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घेतला. आकडे बॅटरीवरचे आहेत. रात्री गाडी बंद करून तासाभरानं 12.10. सकाळी 12.07. गाडी चालू, बारीक रेसवर (पाय न लावता) 12.0. हेडलाईट आणि ब्लोअर लावला की 11.7. एकदा पोरानं चुकून जोरात रेस दिली तर मीटर एकदम 14.1 वर गेला, आणि रेस सोडली तरी 14 वरच राहिला. बंद करून परत चालू केली की पुन्हा 12. तीनशेचा मीटर येडा झालाय का?

साडेसात हजार काही माझ्याकडं नव्हते. भंगार बाजारातून बावीसशेला एक जुना अल्टरनेटर, म्हणजे आपला डायनामोच, आणला. घरी आणून बघतो तर गाडीवरच्याला मागच्या बाजूला जाडजूड टोपण आहे आणि त्याला तीन पाईप जोडलेत. आणलेल्याची पाठ सपाट! गाडीवरच्याची पाटी तेलामातीनं बुजलीय, '12 व्होल्ट' तेवढं दिसतं.

तर दोन प्रश्न. अल्टरनेटर खरंच गेलाय का? आणि गेलाच असला तर माझ्या गाडीचा नेमका कोणता, हे ओळखायचं कसं?

बीडचा डिझेलवाला (सोमवार, रात्री 10:55)

सोपं आहे भाऊ. गाडी चालू ठेवा आणि बॅटरीची मायनस वायर काढा. गाडी बंद पडली तर डायनामो मेला, चालू राहिली तर जिवंत. आमचे वडील अॅम्बेसेडरवर असंच बघायचे.

लातूरचे इलेक्ट्रिक मामा (मंगळवार, सकाळी 7:10)

बीडकर, वडिलांना नमस्कार सांगा, पण ती गाडी वेगळी होती. जुन्या अॅम्बेसेडरला खरोखरचा डायनामो असायचा. आता आपण सवयीनं डायनामो म्हणतो, असतो तो अल्टरनेटर, आणि त्याच्या पोटात डायोडची प्लेट (एसीचा डीसी करणारी) आणि इलेक्ट्रॉनिक कटआऊट (व्होल्टेज आवरणारा) असतो. चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज क्षणात उसळतं, चाळीसच्याही वर जातं. तेवढ्यात डायोड जातो, कटआऊट जातो, गाडीतला टेपही जातो. चांगल्या अल्टरनेटरला मारून "खराब निघाला" म्हणणारे मी लई बघितले. शिवाय डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते चालू राहिलं काय, बंद पडलं काय, त्यावरून अल्टरनेटरची कुंडली मांडता येत नाही.

सेलूकर, तुमचा मीटर शहाणा आहे. सगळं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त उलटीकडून वाचलंय.

त्या लाल दिव्याला तुम्ही नुसता निरोप्या समजलात. अल्टरनेटरला पहिला घास तोच भरवतो. रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात, कायमचं लोहचुंबक नसतं, तांब्याचं वेटोळं असतं. त्यातून करंट गेला तरच त्याचं चुंबक होतं. चावी ऑन केली की करंट त्या दिव्यातून निघतो, अल्टरनेटरच्या एल टर्मिनलवर येतो, कार्बनांमधून (रोटरला घासून टेकलेले तुकडे) रोटरात जातो आणि अर्थला मिळतो. म्हणून चावीला दिवा पेटतो. इंजिन फिरलं, अल्टरनेटर स्वतःची वीज करायला लागला की दिव्याच्या दोन्ही अंगांना सारखंच व्होल्टेज येतं. ढकलायला कुणी उरत नाही, म्हणून विझतो. म्हणजे तब्येत चांगली असेल तर दिवा चावीला पेटला पाहिजे आणि गाडी चालू झाली की विझला पाहिजे. तुमचा आधीपासूनच विझलेला आहे.

दिव्यातून करंटच गेला नाही तर रोटर झोपून राहतो. पण त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. जोरात रेस दिली की त्या शिलकीवर तो स्वतःच जागा होतो, आणि एकदा जागा झाला की गाडी बंद करेपर्यंत जागाच. परभणीच्या रस्त्याला तेवढी रेस बसते, सेलूच्या बाजारात बसत नाही. झाला तुमचा चमत्कार.

रात्री 12.10 आणि सकाळी 12.07, म्हणजे गाडी उभी असताना करंट खाणारं कुणी नाही. तो नाद सोडा. पण 12.1 ही बॅटरी निम्म्याच्याही खाली आहे हे लक्षात घ्या. भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 दाखवते. आधी ती बाहेर चार्ज करून आणा. रिकामी बॅटरी भरून काढायला अल्टरनेटर जुंपला की तो तापून मरतो.

आता एकच सांगा. डॅशबोर्डचा मीटर, म्हणजे काटे आणि दिव्यांचा डबा, गेल्या वर्षभरात कुणी उघडला होता का?

आणि तो बावीसशेचा डबा गाडीवर चढवू नका. कामून ते नांदेडचे पार्टवाले सांगतील. माझ्याकडं गिऱ्हाईक आलंय.

सेलूचा सुमोवाला (मंगळवार, दुपारी 1:30)

मामा, जेवता जेवता वाचलं आणि घास हातातच राहिला.

दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. (इथं मामा मीच.) त्यानं मीटर उघडून आतले पिवळे बल्ब काढले आणि सगळीकडं निळे एलईडी टाकले. "मामा, रात्री विमानात बसल्यासारखं वाटतंय बघ." वाटतं खरं. मी त्याला पाचशे रुपये बक्षीसही दिले होते.

पण तुम्ही ओळखलं कसं?

नांदेडचा पार्टवाला (मंगळवार, दुपारी 3:05)

मामांनी माझं नाव घेतलं म्हणून लिहितो. पार्टच्या काउंटरवर सतरा वर्षं बसतोय. रोज एक तरी गिऱ्हाईक म्हणतं, "सुमोचा डायनामो द्या." म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "माणसाची गोळी द्या" म्हणण्यासारखं आहे.

तुमच्या अल्टरनेटरच्या पाठीवरचं टोपण म्हणजे व्हॅक्यूम पंप, हवा ओढणारा. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत थ्रॉटलचं झाकण असतं, त्याच्यामागं ओढ तयार होते आणि ब्रेक बूस्टर (पायाला जोर देणारा डबा) त्या ओढीवर चालतो. तुमच्या डिझेलला ते झाकण नाही, म्हणून ओढ नाही. मग अल्टरनेटरच्याच दांड्याला मागं पंप जोडलाय. तीन पाईपांपैकी जाड रबरी आहे तो ब्रेक बूस्टरकडं जातो. बँजो बोल्टनं कसलेला बारीक आहे त्यातून इंजिनाचं ऑईल पंपात येतं. तिसऱ्यातून ते ऑईल इंजिनात परत जातं. सपाट पाठीचा बसवला असता तर चार्जिंग झालंही असतं एखादवेळी, पण बूस्टरमध्ये उरलेल्या ओढीवर दोन-तीनदा ब्रेक लागला असता आणि चौथ्यांदा पेडल दगड. भरलेली सुमो उतारावर, पुढं बैलगाडी, आणि पेडल दगड. डोळ्यासमोर आणा.

ओळखायचा कसा? पाटीपासून सुरू करा, पण पाटी खरवडू नका. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा तिच्यावर अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं हलकं घासा. आकडे ठोकलेले असतील तर वरून खडू फिरवा, खाचेत पांढरं भरतं आणि नंबर उठून दिसतो. मोबाईलची टॉर्च समोरून न मारता आडवी धरा. अल्टरनेटर बनवणाऱ्याचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि अॅम्पिअर अशा तीन गोष्टी तिथं असतात. नंबर मिळाला की बाकी काही विचारायची गरज नाही.

नाहीच मिळाला तर आरसी बुक आणा. त्यात 17 अक्षरांचा चेसिस नंबर असतो, टाटाच्या गाडीचा 'एमएटी'नं सुरू होतो. त्यावरून कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीला कारखान्यात कोणता अल्टरनेटर लागला ते सापडतं. पण जुन्या गाडीत एक भानगड असते: मधल्या काळात कुणी इंजिन किंवा अल्टरनेटर बदलला असेल तर कॅटलॉग एक सांगतो आणि बॉनेटखाली दुसरंच असतं. म्हणून गाडीवरचा काढून काउंटरवर आणणारं गिऱ्हाईक मला सगळ्यात आवडतं. शेजारी शेजारी ठेवायचे. कानांची (बोल्ट लावून बसवायच्या जागांची) भोकं जुळतात का, कानांमधलं अंतर तेवढंच आहे का, पुलीत व्ही पट्ट्याची एक खोल खाच आहे की बारीक बारीक रेघा, बेल्ट लावल्यावर पुली सरळ रेषेत येते का, फिरण्याची दिशा, पंपाच्या पाईपांची तोंडं कुठल्या अंगाला आहेत. शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग पाईप वाकवत बसतात. मोठ्या ट्रकचे 24 व्होल्टचे अल्टरनेटर दिसायला भावासारखे असतात, भंगारात तर हमखास मिसळलेले. अॅम्पिअर थोडे जास्त चालतात, कमी नको.

टर्मिनलही मोजा. जाड नटबोल्टचा बी प्लस, तो थेट बॅटरीला. बारीक एल, तो दिव्याला. काही डिझेल गाड्यांत तिसरा डब्ल्यू असतो, तो आरपीएमच्या काट्यासाठी. एल आणि डब्ल्यूची अदलाबदल केलेल्या गाड्या माझ्याकडं महिन्याला एक येते.

आणि सेलूकर, पाटीवर तेल आहे म्हणालात. ते आलं कुठून? पंप आणि अल्टरनेटरच्या मधलं ऑईल सील सुटलं की इंजिन ऑईल आत शिरतं, कार्बनच्या भुकटीत मिसळतं आणि काळा चिखल होतो. आज ना उद्या तो चार्जिंग खाणार.

लातूरचे इलेक्ट्रिक मामा (मंगळवार, रात्री 9:40)

पार्टवाल्यानं चांगलं सांगितलं. भाच्याला मात्र रागावू नका. माझ्या दुकानात दिवाळीनंतर दोन-तीन गाड्या अशाच येतात, म्हणून ओळखलं.

दिव्याचा साधा बल्ब दोन-तीन वॅटचा असतो. दोन वॅट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे अॅम्पिअरचा सहावा हिस्सा. तेवढ्यात रोटर जागा होतो. एलईडीतून अॅम्पिअरचा पन्नासावा हिस्सा जातो. शिवाय एलईडीला प्लस-मायनस असतो, उलटा बसला की पेटतच नाही. तुमचा बहुतेक उलटा बसलाय.

पण अंदाजावर डॅशबोर्डचा मीटर उघडू नका. आधी अल्टरनेटर जिवंत आहे हे सिद्ध करा. पार्किंगचा 5 वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा. अल्टरनेटरच्या एल वरची गाडीची वायर काढून बाजूला करा. चावी बंद. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एल टर्मिनलला. इंजिन बंद असतानाच बल्ब पेटला पाहिजे. पेटला तर कार्बन रोटरला टेकलेत आणि रोटरची कॉइल तुटलेली नाही, एवढं तरी कळलं. पुलीच्या नटाजवळ स्क्रू ड्रायव्हर नेऊन बघा, ओढ जाणवेल. मग गाडी चालू करा, रेस द्यायची नाही. बल्ब विझला आणि बॅटरीवर 14 च्या आसपास आलं तर तुमचा अल्टरनेटर निर्दोष आहे.

मधे बल्ब न घालता एल ला थेट प्लस द्यायचं नाही. बी प्लसच्या नटावर कायम करंट असतो, पान्हा तिथं आणि बॉडीला एकदम लागला तर पान्हाच वेल्ड होतो. आणि गळ्यात उपरणं घेऊन पंख्यावर वाकू नका. हे दर वेळी सांगावं लागतं.

सेलूचा सुमोवाला (गुरुवार, सकाळी 11:15)

मंडळी, काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर केलं. बॅटरी दोन दिवस सेलूला चार्जिंगला होती, आणली तेव्हा 12.6.

पहिल्यांदा तीन बारीक वायरींत एल कोणती हेच कळेना, तेलानं सगळ्यांचा रंग एकच झालेला. डिझेलच्या बोळ्यानं पुसलं तर टर्मिनलशेजारी बॉडीवर अक्षर ठोकलेलं सापडलं. पार्टवाल्यांचा खडू इथं कामाला आला. तिसरी वायर कुठंच जात नव्हती, नुसती टेप गुंडाळून सोडलेली.

बल्ब लावला. पेटला! स्क्रू ड्रायव्हर पुलीच्या नटाला चिकटला. पोराला म्हटलं, सेल्फ मार, रेसला पाय लावायचा नाही. गाडी चालू झाली, एक क्षण बल्ब तसाच, आणि मग विझला. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, गाडीवर कुणीतरी गोणी टाकावी तसा. मीटर 12.4 वरून 14.2. पाच महिन्यांत बारीक रेसवर पहिल्यांदा 14 बघितलं. बापू (माझे वडील) ओट्यावरून विचारायले, "झालं का रे?" मी नुसतीच मान हलवली, बोलायचं सुचेना.

मग मीटर उघडला. बॅटरीच्या दिव्याचा एलईडी खरंच उलटा. गंमत म्हणून सुलटा करून बसवला. चावीला मस्त पेटला, पण गाडी चालू केल्यावर बारीक रेसवर 12.4 च, आणि लाईट तसाच पेटलेला. मामांचा पन्नासावा हिस्सा डोळ्यांनी बघितला. सेलूहून 12 व्होल्ट 2 वॅटचा साधा बल्ब आणला, पंधरा रुपये. होल्डर फिरवला, काढला, घातला. चावीला पेटतो, गाडी चालू झाली की विझतो, 14.2.

साडेसात हजार आणि पंधरा रुपये. यावर मी काही बोलत नाही.

पण एक राहिलंच. हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावलं की बॅटरीवर 13.3 येतं. रेस वाढवली तरी तेवढंच. अल्टरनेटरच्या जाड नटावर मात्र त्याच वेळी 14.2. दोघांत एवढं अंतर?

बीडचा डिझेलवाला (गुरुवार, सकाळी 11:40)

मी काही म्हणालोच नव्हतो असं समजा. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग आमची बॅटरी दरवर्षी का जायची ते आत्ता कळलं."

लातूरचे इलेक्ट्रिक मामा (गुरुवार, दुपारी 2:20)

सेलूकर, अंतर म्हणजे वाटेतली गळती. 0.9 व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय, त्याला पकडा. सगळे लाईट चालू, इंजिन हजार-दीड हजारावर. मीटरचा लाल अल्टरनेटरच्या बी प्लसला आणि काळा बॅटरीच्या प्लसला. मीटर जे दाखवेल ते त्या वायरीनं खाल्लेलं. 0.2 पर्यंत मी सोडून देतो. मग लाल बॅटरीच्या मायनसवर आणि काळा अल्टरनेटरच्या उघड्या लोखंडावर. ते अर्थिंगनं खाल्लेलं. दोन्हींची बेरीज 0.9 आली पाहिजे. नाही आली तर तुमचा मीटर लावण्यात काही चुकलंय. वायरी सोडवायच्या नाहीत, फक्त टोकं टेकवायची.

जालन्याहून (गुरुवार, दुपारी 4:50)

मामा, मधेच विचारते. आमच्या गाडीत उलटं आहे. लाईट चावीला पेटतो, चालू झाल्यावर विझतो, पण रात्री बघितलं तर अगदी मंद, उदबत्तीच्या टोकाएवढा पेटलेला असतो. मेकॅनिक म्हणतात दुर्लक्ष करा.

लातूरचे इलेक्ट्रिक मामा (गुरुवार, सायंकाळी 6:30)

ताई, दुर्लक्ष करू नका. दिव्याच्या दोन अंगांना सारखं व्होल्टेज नाही म्हणून तो मंद पेटतोय, आणि त्याचं नेहमीचं कारण एखादा डायोड गेलेला असतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर डायोड प्लेट तपासून घ्या. फक्त स्वस्तातले काही मीटर एसीवर डीसीलाही फसतात. म्हणून आधी बंद गाडीत तसाच लावून बघा. तिथंही वीस-पंचवीस दाखवलं तर तो मीटर या कामाचा नाही. डायोड व्यवस्थित निघाले तर चावीपासून बॅटरीपर्यंतच्या वायरीत कुठं ढिलं आहे ते शोधायचं.

सेलूचा सुमोवाला (रविवार, रात्री 8:45)

शेवटचा हिशोब द्यायला आलो. लग्नाला जायचं होतं म्हणून उशीर झाला.

प्लसच्या वायरीत 0.6, अर्थिंगला 0.3. बेरीज 0.9, मामा, तंतोतंत!

प्लसची वायर सोलत गेलो तर बॅटरीपासून वीतभर अंतरावर जोड सापडला. पूर्वी कधीतरी कुणीतरी वायर तोडून नुसता पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप काढली तर आत हिरवं, तांबं ठिसूळ, हाताला लागल्यावर तुकडाच पडला. या जोडावर मी चार वर्षं गावातल्या बाळंतिणी परभणीला नेल्या. पूर्ण वायर नवी टाकली, 16 स्क्वेअरची, दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टात बसणारी धातूची टोकं) दाबून घेतले. अर्थिंगची इंजिनाकडची पट्टी अर्धी तुटलेली आणि बोल्टखाली रंग आणि गंज. पट्टी बदलली, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं.

आता सगळं लावून अल्टरनेटरवर 14.2, बॅटरीवर 13.9. काल लग्नाहून रात्री साडेबाराला निघालो, औंढ्यापासून जिंतूरपर्यंत हेडलाईट पांढरे शुभ्र. परत आल्यावर मुद्दाम गाडी बंद करून लगेच सेल्फ मारला. पहिल्याच फेरीत.

एक शंका आहे. दुपारी कडक उन्हात गाडी तापली की बारीक रेसवर 13.7 दिसतं. घाबरायचं का?

पार्टवाले, तुमचं तेलाचं म्हणणंही खरं निघालं. पंपाच्या जोडाखाली ओल आहे, थेंब पडत नाही अजून. पाटीही वाचली: पार्ट नंबर, 12 व्होल्ट, सगळं दिसतं. नंबरचा फोटो काढून ठेवलाय. पेरणीआधी सील आणि कार्बन दोन्ही बदलून घेतो.

नांदेडचा पार्टवाला (रविवार, रात्री 9:10)

सील घेताना पंपाचा गॅस्केटही घ्या, जुना परत बसत नाही. कार्बन पाच मिलिमीटरच्या आत आले असतील तर बदलाच. आणि उघडणाराला सांगा, आतला चिखल पेट्रोलनं धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नको.

लातूरचे इलेक्ट्रिक मामा (रविवार, रात्री 9:30)

13.7 ला घाबरू नका. तापलं की कटआऊट स्वतःच व्होल्टेज थोडं खाली आणतो, नाहीतर मे महिन्यात बॅटरी उकळली असती. बॅटरीचं पाणी मात्र दर पंधरा दिवसांनी बघा. कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं नको, आपल्याकडच्या बोअरला क्षार किती ते घरच्या माठाला विचारा.

सेलूचा सुमोवाला (रविवार, रात्री 10:05)

मामा, पार्टवाले, दोघांनी सेलूला आलात तर हुरड्याचा हंगाम नसला तरी भाकरी-पिठलं नक्की.

भाच्याला फोन केला होता. म्हणाला, बाकीचे आठ निळे राहू दे ना मामा. राहू दिले.

आणि तो बावीसशेचा अल्टरनेटर भंगारवाल्यानं परत घेतला नाही. पडवीत पडलाय, कोंबडी त्याच्यावर बसायली. पंप नाही, 12 व्होल्ट, व्ही बेल्टची पुली, हातानं फिरवला तर बेअरिंग गुळगुळीत. कुणाच्या कामाला येत असेल तर सांगा. आधी कानांमधलं अंतर मोजून पाठवा.